एक संसार, दोन चरित्रे

धर्मप्रचारासाठी परदेशी गेलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना चरित्रनायक कोण, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. नायक आधीच ठरलेला असतो. त्याची पत्नी एखाद्या प्रकरणात येऊन जाते, मुलांचे जन्म आणि मृत्यू तळटिपेसारखे नोंदवले जातात आणि निवेदन पुन्हा प्रवचने, शाळा, भाषांतरे, बाप्तिस्मे यांच्याकडे वळते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मंडळांनी परदेशी पाठवले ते बहुधा एकेका पुरुषाला नव्हे, जोडप्याला. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा कटाक्ष तर असा होता की, जहाजावर चढण्यापूर्वी तरुणाने लग्न उरकून घ्यावे. हवाई बेटांवर गेलेल्या अशा पत्नींविषयी पॅट्रिशिया ग्रिमशॉ यांनी 'पाथ्स ऑफ ड्यूटी' (१९८९) या ग्रंथात जे लिहिले आहे, त्यावरून ही लग्ने किती घाईने आणि किती थोड्या परिचयावर जमत, हे ध्यानात येते. लग्न करून निघालेल्या त्या स्त्रीचा हुद्दा बोर्डाच्या यादीत 'साहाय्यक धर्मप्रचारक' असा लागे. काम दोघांचे आणि पद एकाचे, ही व्यवस्था चरित्रवाङ्मयाने जशीच्या तशी उचलली.

पत्नी स्वतंत्रपणे नायिका होते ती मेल्यानंतर. हॅरिएट न्यूएल १८१२ मध्ये पतीबरोबर अमेरिकेहून निघाली, कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिले नाही म्हणून मॉरिशसकडे गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेथे वारली. तिचे वय होते एकोणीस. पुढे तिचा पती मुंबईच्या मिशनला येऊन मिळाला. परंतु त्याच्या अनेक वर्षांच्या कामापेक्षा काहीच काम करण्याची संधी न मिळालेल्या हॅरिएटचे चरित्र अमेरिकेत कितीतरी अधिक वाचले गेले. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांचे चरित्र (१८३८) लिहिले ते त्यांचे पती डॉ. जॉन विल्सन यांनी. पत्रे तिची, निवड त्यांची. तिच्या शब्दांना त्यांच्या दुःखाची आणि त्यांच्या धर्मश्रद्धेची चौकट मिळाली. हा दोष डॉ. विल्सन यांचा म्हणून मी दाखवीत नाही. त्या काळी दुसरी चौकट उपलब्धच नव्हती. मुद्दा एवढाच की, दांपत्याच्या सेवेचे चरित्र लिहायचे तर एकजण आधी मरावा लागे आणि दुसरा संपादक व्हावा लागे.

मग जी जोडपी मेली नाहीत, परक्या देशात राहिली, तेथेच वृद्ध झाली, त्यांचे काय?

वार्धक्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. आजच्या काळात 'ज्येष्ठ धर्मप्रचारक दांपत्य' ही संस्थारूप पावलेली कल्पना आहे. मॉर्मन पंथात नोकरीतून निवृत्त झालेली, मुले मार्गी लागलेली नवरा-बायको स्वखर्चाने सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मिशनवर जातात, अनेकदा परदेशी. तेथे दप्तर सांभाळणे, मदतकार्य, वंशावळींच्या नोंदी अशी कामे करतात आणि मुदत संपली की आपल्या घरी परततात. घरी पाठवलेल्या त्यांच्या पत्रांचा स्वाभाविक निवेदक 'आम्ही' हा असतो. 'आम्ही बाजारात गेलो', 'आम्हांला येथील लोक फार आवडले', 'आम्हांला नातवंडांची आठवण येते'. या 'आम्ही'मध्ये दोन माणसे आहेत, हे वाचकाला कधी जाणवत नाही. जाणवू नये अशीच त्याची रचना असते. वार्धक्य येथे सेवेच्या आरंभी आहे, परतीची तारीख ठरलेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जोडप्याच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. ते विशी-पंचविशीत जात आणि वार्धक्य त्यांना तेथे गाठत असे, तेही बहुधा अशा वेळी की ज्या घरी परतायचे ते घरच परके झालेले असे. या दुसऱ्या प्रकारच्या 'आम्ही'ची फोड करणारे, माझ्या वाचनातील सर्वांत धीट लेखन म्हणजे पर्ल बक यांची १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेली दोन पुस्तके: आईचे चरित्र 'द एक्झाइल' आणि वडिलांचे चरित्र 'फायटिंग एंजल'.

मराठी वाचकाला पर्ल बक माहीत आहेत त्या 'द गुड अर्थ' (१९३१) या कादंबरीच्या लेखिका म्हणून. परंतु १९३८ चे नोबेल पारितोषिक देताना स्वीडिश अकादमीने चिनी शेतकऱ्यांच्या जीवनचित्रणाबरोबर या चरित्रग्रंथांचाही स्पष्ट निर्देश केला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडील समीक्षेला मिशनरी वाङ्मयाचे वावडे आहे असे नाही. पण कोश, व्याकरणे, 'ज्ञानोदय' (१८४२) यांसारखी नियतकालिके आणि गद्याची जडणघडण यांच्या इतिहासाचे साधन एवढ्यापुरतेच आपण ते वाचतो. त्याकडे वाङ्मय म्हणून, म्हणजे निवेदन, दृष्टिकोण आणि मौन यांची रचना म्हणून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही.

हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. अ‍ॅब्सलम सायडनस्ट्रिकर (१८५२–१९३१) आणि कॅरोलाइन स्टल्टिंग (१८५७–१९२१) हे दोघेही वेस्ट व्हर्जिनियाकडचे. लग्न करून १८८० मध्ये दक्षिणी प्रेस्बिटेरियन मंडळाच्या वतीने ती दोघे चीनला गेली आणि यांगत्से नदीच्या परिसरात, मुख्यतः चिनकियांग येथे, त्यांनी आयुष्य काढले. सात मुले झाली. चार लहानपणीच गेली. वाचलेल्या तिघांपैकी एक पर्ल. तिचा जन्म १८९२ मध्ये अमेरिकेत, तोही आई-वडील रजेवर गेले असताना झाला. आई चीनमध्येच वारली, वडील त्यानंतर दहा वर्षे जगले. चरित्रांत बक यांनी वडिलांचे नाव बदलून अँड्र्यू केले आहे. आई मात्र कॅरी या तिच्या घरच्या नावानेच येते. हा भेद सहज घडला असे मला वाटत नाही. वडिलांना पात्र करण्यासाठी त्यांच्यापासून अंतर घ्यावे लागले. आईच्या बाबतीत लेखिकेला ते घ्यायचेच नव्हते.

दोन्ही पुस्तके एका वर्षी आली तरी ती एका काळात लिहिलेली नाहीत. आईचे चरित्र बक यांनी १९२१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर लगेच, फक्त घरच्यांसाठी म्हणून लिहिले आणि बाजूला ठेवून दिले. वडिलांचे चरित्र लिहिले ते पुष्कळ नंतर, कीर्ती मिळाल्यावर. न्यूयॉर्कमधील १९३२ च्या गाजलेल्या भाषणात परदेशी धर्मप्रचाराच्या प्रयोजनावरच प्रश्नचिन्ह लावल्यावर आणि १९३३ मध्ये मिशनचा राजीनामा दिल्यावर. एक पुस्तक शोकाच्या आतून लिहिले गेले, दुसरे संस्थेच्या बाहेरून. मजकुरात हे स्पष्ट उमटले आहे. 'द एक्झाइल'मध्ये लेखिका स्वतःच्या बालपणाचा उल्लेख बहुतांशी तृतीयपुरुषात, 'कम्फर्ट' या आपल्या मधल्या नावाने करते. निवेदक आणि मुलगी यांच्यात तिने पडदा धरला आहे आणि आई त्या पडद्यापुढे उभी आहे. 'फायटिंग एंजल'मधला निवेदक मात्र उघडपणे हिशेब मांडायला बसलेला आहे.

हिशेब हा शब्द मी जपून वापरीत आहे. ग्रीकमधून चिनी बोलभाषेत नव्या कराराचे भाषांतर करणे हे अँड्र्यूचे आयुष्यभराचे काम. तो ते पुन्हा पुन्हा सुधारतो, पुन्हा पुन्हा छापतो आणि त्यासाठी लागणारा पैसा तुटपुंज्या घरखर्चातून काढतो. घरात एखादी वस्तू घ्यावी, मुलांना काही हौसेचे मिळावे, एवढी जी बारीकशी फट गरिबी आणि सुख यांच्यात असते, ती या भाषांतराने बुजवून टाकली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या तक्रारीचा सर्वांत तिखट सूर आईच्या चरित्रात नाही, वडिलांच्या चरित्रात आहे. आईच्या चरित्रात कॅरीला तक्रार करण्याची मुभा नाही. तिला तेथे धैर्यशील, आनंदी, गाणारी, बाग फुलवणारी राहायचे आहे. तिच्या वाट्याचा राग लेखिकेने पंधरा वर्षे राखून ठेवला आणि तो पतीच्या चरित्रात खर्च केला. म्हणजे ही दोन पुस्तके एकमेकांची पूरक नाहीत. एकाने जे दडवले ते दुसरे उघड करते. ज्याने एकच वाचले आहे त्याने अर्धे वाचले असे न म्हणता, चुकीचे वाचले असे म्हणावे लागेल.

'द एक्झाइल'चे शीर्षकच एक विधान आहे. परदेश हा दोघांचा एक नव्हता. अँड्र्यू चीनमध्ये परका नाही, कारण तो कुठेच आपला नाही. देवाचे काम जेथे असेल तो त्याचा देश. सुरुवातीला तो चिनी वेष करतो, वेणी ठेवतो, गावोगाव फिरतो, लोकांनी दगड मारले तरी पुढच्या गावी जातो. परकेपणाची जाणीव ज्याला होते त्याच्याजवळ आधी घराची कल्पना असावी लागते आणि ती अँड्र्यूजवळ नाही. कॅरीजवळ ती आहे, आणि म्हणून वनवास तिचा एकटीचा आहे. ती जाईल त्या भाड्याच्या घराच्या कुंपणात अमेरिकेतली फुले लावते, पडदे शिवते, ऑर्गन वाजवते. अमेरिकन धर्मप्रचारक स्त्रियांनी चीनमध्ये घराच्या भिंतींआड एक वेगळा देश कसा उभा केला, याचे विवेचन जेन हंटर यांनी 'द गॉस्पेल ऑफ जेंटिलिटी' (१९८४) मध्ये केले आहे. ते वाचताना कॅरी वारंवार डोळ्यांपुढे येते. पण हंटर यांच्या विवेचनात जे सामाजिक वर्तन आहे, त्याला बक यांनी व्यथेचे रूप दिले. चार मुले या मातीत पुरल्यावर ही बाग केवळ सुघड राहणीची खूण उरत नाही.

कॅरीच्या धर्मश्रद्धेचा धागा या चरित्रात सर्वांत नाजूक आहे. तरुणपणी, आईच्या मृत्यूच्या वेळी, तिने देवाला स्वतःला वाहून घेण्याचा निश्चय केला. त्याबदल्यात तिला हवी होती फक्त एक खूण, देव आहे आणि त्याने आपल्याला स्वीकारले आहे याची. ती खूण आयुष्यभर आली नाही. नवऱ्याला अशा खुणेची गरजच कधी भासली नाही आणि म्हणून बायकोची ही तगमग त्याला कळली नाही. एकाच उंबरठ्याआत एकाची श्रद्धा निःशंक आणि दुसरीची आयुष्यभर वाट पाहणारी, आणि सेवा मात्र दोघांच्या नावावर.

या पार्श्वभूमीवर दुष्काळातल्या रात्रीचा प्रसंग पुन्हा वाचण्यासारखा आहे. पाऊस लांबला आहे, त्याला गावात राहणारे परदेशी कारणीभूत आहेत असा समज पसरला आहे आणि रात्री जमाव येऊन घरच्यांना मारणार अशी कुणकुण लागली आहे. अँड्र्यू फिरतीवर आहे. कॅरी मुलांना उठवून कपडे घालते, घर झाडून दिवे लावते, चहाची भांडी मांडते आणि हातात हत्यारे घेऊन आलेल्या माणसांना 'या, बसा' म्हणते. ती माणसे गोंधळतात, चहा पितात, निघून जातात. आणि रात्री पाऊस पडतो. हा प्रसंग बक यांच्या वाचकांना फार आवडतो आणि तो उत्तम लिहिलेला आहेच. पण माझ्या मते तो जरा जास्तच उत्तम लिहिलेला आहे. जी खूण देवाने कॅरीला दिली नाही, ती येथे निवेदकाने दिली आहे. चरित्रकार मुलीने आईच्या आयुष्यात पाडलेला हा पाऊस आहे. तो खरोखर पडला की नाही, हा प्रश्न वेगळा; कथनात त्याला जी जागा मिळाली ती हवामानाने दिलेली नाही. श्रद्धा नाकारणाऱ्या लेखिकेच्या हातून श्रद्धेची रूढ चरित्ररचना, संकट आणि त्यानंतरची कृपा, अशी नकळत पुन्हा घडते.

याच प्रसंगात दुसरीही एक गोष्ट दिसते. जमावातल्या माणसांना नावे नाहीत. भुकेने आणि भयाने आलेल्या त्या शेतकऱ्यांची बाजू 'द गुड अर्थ'च्या लेखिकेला कळत नव्हती असे कोण म्हणेल? पण आईचे चरित्र लिहिताना तिला ते हवे होते केवळ आईच्या धैर्याची पार्श्वभूमी म्हणून. याला ठळक अपवाद वांग आमा हिचा. मुलांना वाढवणारी ही चिनी दाई दोन्ही चरित्रांच्या आधाराला उभी आहे. परदेशातल्या धर्मप्रचारक दांपत्यात खरे तर दोन माणसे कधीच नसतात. दाई, स्वयंपाकी, भाषा शिकवणारा पंतोजी असे तिसरे कोणी तरी असतेच आणि त्याच्या श्रमांवर 'आम्ही'चा संसार चालतो. बक यांनी तिला नाव दिले, रूप दिले, ममता दिली. चरित्र मात्र दिले नाही.

आता 'फायटिंग एंजल'विषयी. या पुस्तकाच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात लेखिकेचा हात फार सफाईने चालतो. एकांगी, निर्भय, विनोदाचा गंध नसलेला आणि म्हणूनच विनोदी वाटणारा हा माणूस तिने उपरोधाच्या धारेवर धरला आहे. बाप्तिस्मा पाण्यात बुडवून द्यायचा की शिंपडून, यावरून एका बॅप्टिस्ट धर्मप्रचारकाशी चाललेले त्याचे वैर तर प्रहसनाच्या अंगाने लिहिले आहे. १९०० च्या बॉक्सर उठावात पत्नी-मुलांना शांघायला पाठवून तो चिनकियांगला एकटा राहतो, तेव्हा उपरोधाच्या जागी आदर येतो. पण तो आदर एखाद्या कड्याकडे पाहताना वाटावा तसा आहे. संत पॉलच्या वचनांचा आधार घेऊन स्त्रियांना चर्चमध्ये गप्प बसवणाऱ्या या पुरुषाबद्दल लेखिकेच्या मनात क्षमा नाही, आणि ती नसल्याचे ती लपवीतही नाही. स्त्रीवादी समीक्षेला येथे हवे तेवढे सापडेल आणि ते सापडवलेही गेले आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा भाग, वार्धक्याचा. कॅरी गेली आहे. सत्तरीत आलेल्या अँड्र्यूला तरुण सहकारी निवृत्तीकडे ढकलू पाहतात. ज्याने कोणाचेही कधी ऐकले नाही, त्याला आता नियम दाखवला जातो. तो मुलीच्या घरी नानकिंगला येतो आणि तेथील धर्मविद्यालयात चिनी प्रचारकांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम चालवू लागतो. बाहेर चीन बदलला आहे. १९२२ पासून विद्यार्थ्यांचे ख्रिस्तविरोधी आंदोलन सुरू आहे, आणि मार्च १९२७ मध्ये नानकिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले झाले तेव्हा त्यालाही मुलीच्या कुटुंबाबरोबर एका चिनी बाईच्या झोपडीत लपून बसावे लागते. दुष्काळातल्या त्या रात्री दार उघडून चहा देणारी कॅरी आणि नानकिंगला बंद दाराआड बसलेला अँड्र्यू यांच्यामध्ये एका युगाचे अंतर आहे, आणि बक यांनी ते शब्दाने न सांगता नुसते घडू दिले आहे.

या प्रकरणांत निवेदनाचा सूर बदलतो. जो उपरोध बलवान अँड्र्यूवर चालत होता तो या वृद्धावर चालेना. मुलगी आता त्याचे घर चालवते, त्याच्या कपड्यांची आणि जेवणाची काळजी घेते. म्हणजे कॅरीने चाळीस वर्षे जे केले तेच करते. जिचा सूड घ्यायला हे पुस्तक लिहायला घेतले, तिच्याच जागेवर लेखिका येऊन बसते आणि तेथून तिला प्रथमच तो माणूस दिसतो, जो आईला दिसत असला पाहिजे: बालसुलभ, परावलंबी, आपल्या परावलंबनाची जाणीव नसलेला. 'द गुड अर्थ'ची प्रत हाती आल्यावर त्याने ती चाळून वाचायचे नम्रपणे नाकारले, ही हकीकत बक यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. सगळे जग जिला वाचीत होते, तिला वडिलांनी वाचले नाही. यावर चरित्रात आकांत नाही. एक प्रकारचे थकलेले हसू आहे. हे हसू 'द एक्झाइल'मध्ये कोठेही सापडत नाही. म्हणून वाङ्मयीन दृष्ट्या मला 'फायटिंग एंजल' अधिक प्रौढ वाटते, जरी 'द एक्झाइल' अधिक लोकप्रिय असले तरी. पीटर कॉन (१९९६) किंवा हिलरी स्पर्लिंग (२०१०) यांची बकचरित्रे वाचली म्हणजे या घरातल्या घटना अधिक कळतात. पण तो सूर मात्र मूळ पुस्तकातच ऐकावा लागतो.

१९३१ च्या उन्हाळ्यात तो कुलिंगच्या डोंगरावर धाकट्या मुलीकडे असताना वारला. यांगत्सेला त्या वर्षी महापूर आलेला असल्याने पर्ल अंत्यविधीला पोचू शकली नाही. आईची कबर चिनकियांगला, वडिलांची कुलिंगला.

दोन पुस्तके १९४४ मध्ये एकत्र बांधून प्रसिद्ध झाली तेव्हा त्या ग्रंथाला 'द स्पिरिट अँड द फ्लेश' असे नाव दिले गेले. आत्मा तो पुरुष, देह ती स्त्री. दोन स्वतंत्र चरित्रांनी जे उभे केले होते ते या एका शीर्षकाने मोडले. कॅरीचा सगळा झगडा आत्म्याचा आहे. खुणेची वाट पाहणारी तीच आहे. अँड्र्यूला आत्म्याविषयी शंकाच नसल्याने त्याला तो झगडा करावा लागला नाही. शीर्षकाने मात्र आत्मा पुन्हा त्याच्या पदरात टाकला, आणि ती पुन्हा 'साहाय्यक' झाली.

येथे मराठी वाचकाला 'स्मृतिचित्रे' आठवल्यावाचून राहणार नाही. आठवण अस्थानी नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. म्हणजे बक यांची चरित्रे निघत होती त्याच वर्षांत. अमेरिकन मराठी मिशनशी निगडित झालेला, धर्माने झपाटलेला नवरा आणि त्याच्या झपाटण्याची किंमत संसारात मोजणारी बायको, हा पाया सारखाच आहे. टिळकांच्या हातीही पैसा टिकत नाही. घरखर्चाची रक्कम भलत्याच गोष्टीत किंवा भलत्याच माणसाच्या हाती जाते. पण लक्ष्मीबाईंनी दोन पुस्तके लिहिली नाहीत. भांडण, राग, अबोला, माया, हसू हे सारे त्यांच्या एकाच वाक्यात मावते. त्या पतीला 'टिळक' म्हणतात. या एका संबोधनात आदर आहे, अंतर आहे आणि अधूनमधून कानउघाडणीही आहे. बक यांना 'अँड्र्यू' हे नाव नव्याने घडवूनही त्यात एवढे भरता आले नाही. कारण उघड आहे. लक्ष्मीबाई स्वतः त्या दांपत्यातल्या एक आहेत. बक या त्या दांपत्याच्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला बाजू घ्यावी लागते. कॅरीने स्वतः लिहिले असते तर तिचे पुस्तक 'द एक्झाइल'सारखे झाले असते, असे मला वाटत नाही. कदाचित ते अधिक विनोदी झाले असते.

आणखी एक फरक अधिक मूलगामी आहे. लक्ष्मीबाई समुद्र ओलांडून कोठे गेल्या नाहीत. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा परदेश त्यांच्या पायाखालीच सुरू झाला. नवऱ्यापासूनची ताटातूट, सोवळेओवळे हळूहळू सुटत जाणे, १९०० मधला त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा हा सारा प्रवास नाशिक, पंढरपूर, नगर या ओळखीच्या गावांतून होतो आणि तरी तो कॅरीच्या पॅसिफिक प्रवासापेक्षा लांबचा आहे. शिवाय 'स्मृतिचित्रे'त परदेशी धर्मप्रचारक आपल्याला पलीकडच्या बाजूने दिसतात. बक यांच्या पुस्तकांत चिनी माणसे जशी कडेला उभी आहेत, तसे येथे साहेब आणि मडमा कडेला आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे कुतूहलाने, कधी आपुलकीने, कधी मिस्कीलपणे पाहतात. वांग आमाने चरित्र लिहिले असते तर त्यात अँड्र्यू आणि कॅरी कसे दिसले असते, याची थोडीशी कल्पना 'स्मृतिचित्रे' वाचताना येऊ शकते. मात्र लक्ष्मीबाई कोणाच्या दाई नव्हत्या, ब्राह्मण घरातून आलेल्या होत्या, हे विसरून ही तुलना ताणू नये.

'स्मृतिचित्रे'तले नगरचे डॉ. ह्यूम आपल्याला माहीत आहेत. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे मुंबईत १८४७ मध्ये एका धर्मप्रचारक दांपत्याच्या पोटी जन्मले. १८७४ पासून अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी नगरला काम केले, १९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये तेथे वारले. त्यांच्या आई-वडिलांच्या दृष्टीने मुंबई परदेश होती. मुलाच्या बाबतीत कोणता देश परदेश मानायचा? पर्ल बक यांच्यासारखेच हेही दोन देशांमधले अपत्य. पण त्यांनी आई-वडिलांची दोन चरित्रे लिहिली नाहीत. नगरच्या मिशनमधल्या पत्नींच्या पत्रांकडे आणि अहवालांकडे आपल्या अभ्यासकांनी 'ज्ञानोदया'चे जुने अंक शेजारी ठेवून पाहिले, तर नावे यादीत एकत्र आणि अनुभव मात्र वेगवेगळा, अशा कितीतरी कॅरी तेथे सापडण्याचा संभव आहे. त्यांच्या घरी पाणी भरणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या मराठी बायका त्या कागदांत किती ओळींपुरत्या येतात, हेही तेव्हाच मोजता येईल.